'बिडबिड' आणि 'फिशफिश' यांना वर्गात येऊ द्या

बंगाली मुलांना इंग्रजीतली 'व्हिस्पर', 'मटर', 'मम्बल' आणि 'मर्मर' ही क्रियापदं 'आस्ते बोलणं' एवढ्यावर शिकवली, तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही. बंगालीत 'आस्ते' म्हणजे हलक्या आवाजात आणि सावकाशही, आपल्या 'हळू'सारखंच. इंग्रजी शब्दांत मात्र वेगाचा प्रश्नच नाही. व्हिस्परमध्ये स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसत्या श्वासावर शब्द उमटतात. मम्बल करणारा तोंड नीट उघडत नाही, म्हणून आवाज येतो पण शब्द एकमेकांत मिसळून जातात. मटर करणारा बहुधा स्वतःशीच बोलतो, त्यात अनेकदा कुरकुर असते. मर्मरमध्ये आवाज खालच्या पट्टीत संथ चालू राहतो, मग त्यात माया असो वा नाराजी.

हे बारकावे बंगालीला परके नाहीत. कानाशी बोलणं म्हणजे 'फिशफिश', ओठांतल्या ओठांत पुटपुटणं 'बिडबिड', दबलेल्या माणसाचं बोलणं 'मिनमिन', उत्तर टाळताना चाचरणं 'आमता-आमता'. अशा शब्दांवर रवींद्रनाथांनी स्वतंत्र निबंध लिहिला, तो 1909 च्या 'शब्दतत्त्व'मध्ये आहे. त्यामुळे हे बोलीतले शब्द वर्गात शोभत नाहीत, हा आक्षेप बंगालमध्ये तरी टिकू नये. फरक आहे तो रचनेचा. बंगाली माणूस 'फिशफिश कोरे' असं म्हणून पुढे बोलण्याचं क्रियापद जोडतो, इंग्रजी दोन्ही एकाच क्रियापदात कोंबते. शिकवायचं आहे ते हे.

जोड्या तंतोतंत जुळत नाहीत, हे खरं. 'बिडबिड' मटरलाही चालतो आणि मम्बललाही. आणि बंगाली 'मर्मर' तर वाळक्या पानांचा, माणसाच्या बोलण्याचा नव्हे. पण नेमकं कुठे जुळत नाही, हे मुलाला कळायला आधी शेजारी ठेवलेला आपला शब्द हवा. इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतूनच द्यावा असं म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, मुलांना भाषांतराची सवय लागू नये अशी त्यांची काळजी आहे. मात्र 'अस्पष्ट, हलक्या आवाजात बोलणे' अशी व्याख्या मटर आणि मम्बल दोघांनाही लागू पडते आणि नवशिका होता तिथेच राहतो. बंगाली पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांनी या प्रत्येक क्रियापदापुढे जवळचा ध्वनिशब्द, न जुळणारी बाजू आणि एक वाक्य, एवढं तरी छापावं.