आनंदाचा तास आणि थकलेले गुरुजी

मध्य प्रदेश शासनाने २०१६ साली आनंद विभाग काढला, तेव्हा त्याची बरीच चेष्टा झाली. सरकारने रस्ते, पाणी, वीज बघावी, लोकांच्या हसण्या-रडण्यात कशाला पडावे, असा एकूण सूर होता. त्या सुरात आम्हाला सूर मिसळायचा नाही. एनसीईआरटीने २०२२ मध्ये ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हेच आपल्या चिंतेचे कारण सांगितले. त्याच वर्षी देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद सरकारी दप्तरी झाली. मुलांचे मन हा शासनाचा विषय नाही, असे यानंतर कोण म्हणेल?

दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीपर्यंत आनंदाचा तास सुरू झाला. अशा प्रयोगांना आधार मिळतो तो सकारात्मक मानसशास्त्राचा. आजार शोधण्याइतकेच माणसाचे बळ शोधणेही महत्त्वाचे, हा विचार मार्टिन सेलिग्मन यांनी १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष असताना पुढे आणला. रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात, आपले गुण ओळखून ते वापरावेत, अशा साध्या सवयी त्यात आहेत. आपल्या आज्या देवासमोर दिवा लावताना मुलांकडून थोडे असेच काही करून घेत असत. फक्त त्याला कुणी शास्त्र म्हणत नव्हते.

पण ब्रिटनमधली एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तेथे ८५ शाळांतील ८ हजारांवर मुलांवर याच जातीच्या सजगतेच्या तासांची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, ते असे की मुलांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा काही फरक पडला नाही. ज्या शिक्षकांनी आधी स्वतः हे प्रशिक्षण घेतले, त्यांचा थकवा मात्र काही काळ का होईना कमी झाला. म्हणजे सुरुवात कोठून करायची ते स्पष्ट आहे.

आणि आपले शिक्षक कसे आहेत? या राज्यातील सरकारी शाळांचा मोठा भार अतिथी शिक्षकांवर आहे. २०२३ मध्ये मानधन दुप्पट झाले, तरी प्राथमिक वर्गाच्या अतिथी शिक्षकाच्या हाती महिना १० हजार रुपयेच आले, आणि पुढच्या सत्रात काम मिळेल याची हमी नाहीच. नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदार याद्यांची विशेष तपासणी सुरू झाली, तेव्हा कितीतरी शिक्षक वर्ग सोडून घरोघरी फॉर्म वाटत फिरले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामांतून मुक्त केले आहे, परंतु जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांचा अपवाद ठेवून. हा अपवाद आता नियमाइतका मोठा झाला आहे. अशा माणसाला ‘चला, मुलांना आनंदी करा’ असे परिपत्रक पाठवणे ही शुद्ध थट्टा आहे.

दोष केवळ शासनाचा नाही. आमच्या मराठी मंडळांचे गुणवंत सत्कार पाहा. नव्वद टक्क्यांच्या पुढे शाल-श्रीफळ, खाली टाळ्या वाजवायला खुर्च्या. त्या सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या मुलाने आपले कोणते गुण ओळखावेत? धडपडून शिकलेला, दुसऱ्याला शिकवणारा, घर सांभाळून शाळा करणारा मुलगा किंवा मुलगी मंचावर आली, तर शालींचा खर्च काही फार वाढणार नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्यापैकी जे या समित्यांवर आहेत त्यांनी पुढील बैठकीत एवढेच लेखी विचारावे, की या सत्रात कोणते शिक्षक किती दिवस आणि कोणत्या कामासाठी वर्गाबाहेर होते. मिळालेले उत्तर मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. दहा-वीस शाळांची माहिती हाती आली की जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि मते मागायला येणाऱ्यांकडेही, तोंडी तक्रार घेऊन जाण्याची गरज उरणार नाही.