वन्समोअरची किंमत

सोलापुरात नाट्यगीतांची मैफल असली की निवेदक बालगंधर्वांपाशी येतो आणि १२ मार्च १९११ची हकिकत हमखास निघते. ‘संगीत मानापमान’चा मुंबईत पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची, म्हणजे नारायणराव राजहंसांची, लहान मुलगी गेली, तरी ते नायिका भामिनी होऊन उभे राहिले. सभागृह हळहळते, मग टाळ्या वाजवते. त्या रात्री खेळ थांबवणे कोणाला अशक्य का वाटले, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

युरोपातला असाच एक जुना हिशेब रक्तात लिहिलेला आहे. पोपच्या राज्यात स्त्रियांना रंगमंचावर बंदी होती, चर्चमध्येही त्यांनी गायचे नाही. मग कोवळा आवाज फुटू नये म्हणून मुलगे वयात येण्याआधीच त्यांचे खच्चीकरण केले जाई. यातले बहुतेक जण कुठल्याशा चर्चच्या गायकवृंदात विरून गेले. नाव झाले ते फारिनेल्लीसारख्या मोजक्यांचे. १७०५मध्ये जन्मलेल्या या गायकाने लंडन गाजवले आणि १७३७मध्ये तो स्पेनला गेला. तिथे खिन्नतेने ग्रासलेल्या राजा पाचव्या फिलिपसाठी तो रोज रात्री गात असे. या परंपरेतला अलेस्सांद्रो मोरेस्की १९२२पर्यंत जगला. १९०२ आणि १९०४मध्ये ध्वनिमुद्रित झालेला त्याचा आवाज आजही ऐकता येतो.

आपल्याकडे सुरी नव्हती. हा फरक लहान नाही, आणि बालगंधर्वांना ‘आपला फारिनेल्ली’ म्हणणे उथळपणाचे ठरेल. पण बाईची जागा पुरुषाने भरायची, ही सोय दोन्हीकडे होती. सोलापूरला ती नवी नव्हतीच. पेशवाईच्या अखेरीस इथल्या रामजोशींनी तमाशा गाजवला, तेव्हा फडात लुगडे नेसून नाचायला पोरच असे.

बालगंधर्वांच्या बाबतीत बंधन घातले ते प्रेक्षकांनी. त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांचे चालणे घराघरांतल्या बायका उचलत होत्या. १९३५मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथ झाले; संतच, पण पुरुष! रसिकांना ते रुचले नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला त्यांना पुन्हा लुगड्यातच पाहायचे होते. पदाला वन्समोअर मिळत राहिला आणि वयाला मुभा मिळाली नाही. पुढे पाय निकामी झाले, त्यांच्या गंधर्व कंपनीचे कर्ज तर आधीपासून होतेच.

तोवर हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया रंगमंचावर आल्या होत्या. आणि सोलापूरच्या शेजारच्या, तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीची गोहर कर्नाटकी १९३८मध्ये गंधर्व कंपनीत आली. गंमत अशी, की पुरुषाने घडवलेली ती ‘बायकी’ गायकी ही बाई हुबेहूब गात होती. नायिका तिने करावी आणि नारायणरावांनी नायक व्हावे, हा सरळ मार्ग होता. त्यांनी तो धरूनही पाहिला. प्रेक्षकांनी मात्र नाक मुरडले, आणि गंधर्वांच्या पडझडीचे खापर गोहरबाईंच्या माथी मारून मोकळे झाले.

१९६४मध्ये गोहरबाई गेल्या, तीन वर्षांनी नारायणराव. आजही निवेदक त्या मुलीच्या मृत्यूची गोष्ट रंगवून सांगतो, आणि गोहरबाईंपाशी आला की आवाज खाली घेतो.