ताटातला मासा आणि नीतीचा प्रश्न

पालघर, प्रतिनिधी

मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्यामुळे त्याची कत्तल होत नाही, असा युक्तिवाद सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सरकार पक्षातर्फे करण्यात आला होता. पर्युषण काळातील मांसविक्री बंदीतून मासळी आणि अंडी का वगळली, या न्यायालयाच्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते. मुंबईतील विक्रीबंदीला न्यायालयाने त्या वेळी स्थगिती दिली आणि वाद शमला. मात्र आहाराची नीती ठरवायची ती कशाच्या आधारे, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. पालघर तालुक्यातील माहीमच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहिल्यास तो अधिकच गुंतागुंतीचा दिसतो.

माहीम-केळव्याची ओळख नारळ, केळी आणि पानवेलीच्या वाड्यांची. शिरगाव ओलांडले की लागणारे सातपाटी हे पापलेटसाठी नावाजलेले मासेमारी बंदर. एकीकडे बागायत, दुसरीकडे मासळी आणि उत्तरेला बोईसर-तारापूरची कारखानदारी, अशा या पट्ट्यात शाकाहार आणि मांसाहार यांच्यात सरळ रेघ ओढता येत नाही. आषाढातील अखेरच्या दिवसांत मासळीवर ताव मारणारे घर श्रावण लागताच ती वर्ज्य करते. त्याच घरात गळ्यात माळ घातलेले एखादे वडीलधारे वर्षभर मासळीला शिवत नाहीत. कोणी कोणाच्या ताटाचा न्याय करायचा नाही, हा येथील अलिखित संकेत आहे.

वेदनेचा मुद्दा

शाकाहाराच्या बाजूने मांडला जाणारा सर्वात सबळ मुद्दा धर्माचा नसून वेदनेचा आहे. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ या ग्रंथात, ज्याला वेदना होते त्याच्या वेदनेची दखल घेतलीच पाहिजे, अशी भूमिका मांडली. माशांनाही वेदना जाणवत असाव्यात, असे मानणाऱ्या संशोधकांची संख्या अलीकडच्या काळात वाढली आहे. या कसोटीवर न्यायालयातील तो युक्तिवाद टिकत नाही. सुरी लागली नाही म्हणून गुदमरून येणारे मरण सौम्य ठरत नाही.

मात्र हीच कसोटी दुधालाही लागू होते, आणि तेथे अनेक शाकाहारी अडचणीत येतात. गाय व्यायल्याखेरीज दूध नाही आणि जन्मणाऱ्या वासरांपैकी निम्मे नर असतात. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे; ट्रॅक्टरच्या जमान्यात या जनावरांना पोसण्याचा भार शेतकऱ्यावर पडतो. दूधही वर्ज्य करणारा पूर्ण वनस्पतीजन्य आहार तर्काला धरून आहे खरा. पण तोही प्राण्यांपासून सर्वस्वी अलिप्त नाही. किनाऱ्यावरील बागायतीला शेणखताबरोबर मासळीचे खत घालण्याची रीत जुनी आहे.

समुद्राचा हिशेब

दुसरा मुद्दा पर्यावरणाचा. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार, सर्वात कमी प्रदूषण करणाऱ्या प्राणिजन्य पदार्थांचा भारही सामान्यतः पर्यायी वनस्पतीजन्य पदार्थांपेक्षा अधिक असतो. त्यातही गोमांसाचा भार सर्वाधिक. शहरी ग्राहकाने मांसाहार कमी करावा, या आवाहनाला त्यामुळे निश्चित आधार आहे.

सातपाटीत मात्र हा हिशेब वेगळ्या रूपाने समोर येतो. राज्य शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्य माशाचा दर्जा दिला. त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान ठरविण्यात आले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. पिल्ले पकडली गेल्यास पुढची पिढीच उरत नाही, हे मच्छीमारांना कोणी शिकविण्याची गरज नाही. परंतु बाजारात लहान मासळीलाही गिऱ्हाईक मिळते, तोवर नियमाचा भार केवळ जाळे टाकणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. तळहाताएवढे पापलेट हौसेने विकत घेणारा शहरातील ग्राहकही या साखळीचा दुवा आहे.

शिवाय समुद्रातील जीव केवळ जाळ्यातच मरत नाहीत. तारापूरच्या उद्योगांतील सांडपाण्याविरोधात अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ मध्ये लवादाने उद्योगांवर मोठी नुकसानभरपाई बसविली. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मासेमारी क्षेत्र आक्रसेल, ही मच्छीमारांची भीती त्यानंतरही कायम आहे. शुद्ध शाकाहारी ताटाशेजारी ठेवलेले औषध किंवा अंगावरचे रंगीत कापड अशाच कारखान्यांतून येत असेल, तर त्या व्यक्तीचे हातही पूर्णपणे स्वच्छ म्हणता येणार नाहीत.

निवड कोणाची?

नीतीला अर्थ येतो तो निवडीचे स्वातंत्र्य असेल तेव्हाच. डाळी, कडधान्ये, सुकामेवा आणि ब-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सहज मिळणाऱ्या घराला मांसाहार सोडणे शक्य आहे. याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुपोषणाचा प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे. तेथील बालकासाठी अंडे ही चैन नव्हे. आदिवासी भागातील अमृत आहार योजनेत अंड्यांचा समावेश करण्यात आला तो यासाठीच. शालेय पोषण आहारातही नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे आणि ते न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये मात्र शासनाने अंड्यांचा निधी थांबवून ती जबाबदारी लोकसहभागावर सोपविली. ज्या गावाची ऐपत कमी, तेथे हा सहभाग कोठून येणार?

त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी मांसविक्रीची दुकाने बंद ठेवण्याचा कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांचा आदेश वादग्रस्त ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अहमदाबादमधील पर्युषण काळातील नऊ दिवसांची कत्तलखाना बंदी अल्पकालीन म्हणून वैध ठरविली होती. मात्र माणसाने काय खावे ही त्याची खासगी बाब असल्याचेही त्याच निकालात नमूद केले होते. ही सीमारेषा महत्त्वाची आहे. स्वेच्छेने मांस सोडणाऱ्याच्या त्यागाला नैतिक मोल असते. आदेशाने बंद झालेल्या दुकानासमोरून परतणाऱ्याच्या पदरी मात्र कोणतेही पुण्य पडत नाही.

प्राण्यांची वेदना खरी आहे आणि तिचे भान वाढत जाणार, यात शंका नाही. ज्यांना परवडते त्यांनी ताटातील मांस कमी करावे, निदान लहान मासळी नाकारावी, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु तिची सुरुवात भरल्या ताटापासून व्हायला हवी. पाड्यावरील मुलाच्या अंड्यापासून नव्हे.