फसलेल्यांचा निष्पापपणा

१७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने चिखली येथील इंद्रायणीकाठचे ३६ बंगले जमीनदोस्त केले. ते नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले होते. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२४ मध्ये ते पाडण्याचा हुकूम दिला होता व मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्यानंतर आमच्या सुशिक्षित समाजात जी हळहळ व्यक्त झाली तीत एकच उद्गार पुनःपुन्हा कानी येई : 'बिचारे फसले हो!' हळहळीविषयी माझे काही म्हणणे नाही. ज्याचे घर डोळ्यांदेखत पडते त्याच्याविषयी कोणाला वाईट वाटणार नाही? माझे भांडण आहे ते 'फसले' ह्या शब्दाशी.

पूररेषा ही काही मंत्रशास्त्रातील गुप्त आकृती नव्हे. सामान्यतः पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधू नये हा नियम. आणि तो ज्यास ठाऊक नसेल त्याच्यासाठी खुद्द नदी समोर वाहत असतेच. किंबहुना ती समोर दिसते म्हणूनच अशा जागेला भाव येतो! जे पाणी पाहण्यासाठी पैसे मोजले ते पाणी उंबऱ्याशी येईल हे ठाऊक नव्हते, असे शपथेवर सांगावयास मोठे धाडस लागते. चिखलीच्या त्या घरमालकांपैकी कोणा एकाच्या अंतःकरणाचा झाडा मी घेत नाही. त्यांतील कित्येकांना खरोखरच अंधारात ठेवले गेले असेल. माझा रोख त्यांच्यावर नसून, त्यांची बातमी वाचून स्वतःच्या खरेदीखताची घडी हळूच कपाटात सरकवणाऱ्या आम्हा शेकडो लोकांवर आहे.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्याच्या आरंभीच एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुने, डागडुजीस आलेले; परदेशी वस्तीस निघालेली कुटुंबे त्यातून जावयाची. मालकाच्या मनात शंका येते. पण दुरुस्तीचा खर्च मोठा. मग तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, ईश्वर त्या गरिबांस सांभाळील. हळूहळू त्याचा खरोखरीच विश्वास बसतो. जहाज भर समुद्रात बुडते आणि हा गृहस्थ विम्याची रक्कम वसूल करतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य करूनही तो त्या मृत्यूंचा अपराधीच, कारण तसा विश्वास धरण्याचा त्यास अधिकार नव्हता; आणि जहाज तरले असते तरीही त्याचा दोष रतिभर कमी झाला नसता. हे शेवटचे वाक्य आपल्याला झोंबले पाहिजे. ज्यांची घरे पडली नाहीत ते केवळ नशीबवान; निर्दोष नव्हेत.

आमच्या धर्मराजाने 'नरो वा कुंजरो वा' म्हटले आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली आला. पण त्या बिचाऱ्याला आपण काय करीत आहोत हे पुरते कळत होते. म्हणून तर दुसरे पद त्याने हळू आवाजात उच्चारले. आमची प्रगती अशी की हळू आवाजाचीही गरज उरली नाही. असत्य आम्ही दुसऱ्यास सांगतच नाही. ते आधी स्वतःस सांगून, त्यावर विश्वास ठेवून, मग निर्मळ मनाने बोलतो. आत्म्यात शिरलेले असत्य हे देवांना व माणसांना सारखेच तिटकाऱ्याचे, असे प्लेटोने म्हटले आहे. देवांचे मी सांगत नाही. माणसांना ते फार मानवते.

चाकण, मोशी, तळवडे ह्या बाजूस जागा कशा विकल्या जातात हे तिकडच्या कोणासही विचारावे. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याने शेतजमिनीचा गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा विकता येत नसे. मग दहा-अकरा अनोळखी माणसे एका खरेदीखतावर सामाईक मालक होतात, सातबाऱ्यावर त्यांची नावे एकाखाली एक चढतात, आणि कोणाचा तुकडा कोठला हे रोवलेले दगड सांगतात. बिगरशेती परवानगी 'होणार आहे'. घेणारा इसम कारखान्यात एका पेचाच्या सहस्रांश मापासाठी सबंध माल परत पाठवतो; तोच रविवारी दगड पाहून वीस वर्षांची पुंजी देऊन येतो.

आणि त्यास हे शिकवणारे सरकार आहे. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत ओढली. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत घरांवर शास्तीकर बसला आणि २०२३ साली तो माफ झाला. जे बेकायदा त्याला नळ द्यावा, वीज द्यावी, घरपट्टी घ्यावी, दंड करावा आणि तो दंडही सोडावा, अशा गुरूचे शिष्य 'होईल नियमित' म्हणाले तर नवल ते काय? ज्या इंद्रायणीवर आळंदीला पांढरा फेस तरंगतो आणि भाविक तो हाताने बाजूस सारून स्नान करतात, तिच्या तीरावर न पाहण्याची विद्या लवकर साधते.

कोणी म्हणेल, आठशे मैलांवरून आलेल्या मजुराने अर्ध्या गुंठ्यात पत्र्याची खोली टाकली तर त्यालाही हा न्याय लावणार काय? नाही. त्याच्यापुढे दुसरी वाट नव्हती, आणि आपण कायदा मोडतो आहोत हे तो कबूल करतो. खोटेपणाचा ऐषआराम ज्यांना परवडतो, ज्यांना नकाशा वाचता येतो, वकील गाठता येतो, त्यांच्याविषयी मी बोलत आहे. त्यांच्यापैकी मी एक आहे.

अकरा वर्षांपूर्वी चाकणच्या पुढे मीही दोन गुंठे घेतले. दलालाने मला फसवले असे मी घरी, स्टाफरूममध्ये, जावयापाशी, सर्वत्र सांगत आलो. वस्तुस्थिती अशी की त्याने सातबारा माझ्या हाती दिला होता. त्यावरची ती अनेक नावे मी वाचली, चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचली, आणि कागद परत केला. एक प्रश्न विचारावयाचा होता. तो मी विचारला नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते.

गेल्या महिन्यात ती जागा पाहावयास एक तरुण इंजिनियर आला. तिकडच्याच कारखान्यात नोकरीस. बरोबर पत्नी, कडेवर लहान मूल. त्याने विचारले, 'सर, जागेला काही अडचण नाही ना?' आजवर काही आली नाही, हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होते. आणि ते अक्षरशः खरे होते. ते गिळून मी त्यास सामाईक खरेदीखत, नसलेली बिगरशेती परवानगी, सगळे सांगितले. चिखलीचे ३६ बंगलेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. त्याची पत्नी काही विचारणार होती, पण त्याने तिच्याकडे पाहिले नाही. मग हसून म्हणाला, 'ते चालायचंच, सर. सगळ्यांचं होईल तेच आपलं,' आणि खिशातून चेकबुक काढले.

मी अद्याप त्यास होकार दिलेला नाही. त्याचा फोन दर दोन दिवसांनी येतो.