घोड्याच्या पाठीवरील हात

नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाला तेल चोळून न्हाऊ घालण्याची चाल आमच्या घरांतून अद्याप टिकून आहे. चोळणारीच्या हाताला गुण आहे असें वडील बायका म्हणतात, तेव्हां त्यांचा रोख तेलापेक्षां हाताकडेच असतो. हाच न्याय घोड्यासारख्या मुक्या जनावराला लागू पडतो काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. आमच्यापैकीं फारच थोड्यांच्या दारीं घोडा बांधलेला असेल. पण माथेरानास जाऊन मुलांचा घोड्यावर बसण्याचा हट्ट पुरविला नाहीं, असें कुटुंब विरळा. ज्या पाठीवर आपलीं मुलें बसतात, त्या पाठीची विचारपूस करणें हें आपलें कर्तव्यच नव्हे काय?

ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी टूम आहे, असें कोणीं समजूं नये. अज्ञातवासांत नकुलानें ग्रंथिक हें नांव घेऊन विराटाच्या पागेची चाकरी पत्करली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्यांना दिवसांतून दोन वेळां स्नान घालावें, असा त्यांत दंडक असून, उपचाराच्या हयगयीनें रोग बळावल्यास खर्चाच्या दुप्पट दंड सांगितला आहे. ग्रीस देशांतील झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत लिहिलेल्या अश्वारोहणावरील ग्रंथांत, घोड्याच्या कण्यावर कोणतेंही हत्यार लावूं नये, केंस ज्या दिशेनें वळले असतील त्या दिशेनें केवळ हातानेंच चोळावें, असें बजाविलें आहे.

अलीकडे या हातकामाला पद्धतशीर रूप अमेरिकेंत मिळालें. खेळाडूंचे स्नायु चोळण्यांत निष्णात असलेल्या जॅक मीगर यांनीं घोड्यांच्या स्नायूंच्या दुखापतींवर १९८५ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. लिंडा टेलिंग्टन-जोन्स या बाईंनीं मोशे फेल्डेनक्राइस यांच्यापाशीं माणसांच्या हालचालींची विद्या शिकून ती घोड्यांकडे वळविली. बोटांनीं कातडीवर लहान लहान वर्तुळें काढण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे.

घोड्याच्या शरीराची रचना पाहिली म्हणजे या उपचारामागील हेतु ध्यानांत येतो. घोड्याला गळपट्टीचें हाड नाहीं. त्याचे पुढले पाय धडाला हाडांच्या सांध्यानें जोडलेले नसून केवळ स्नायूंच्या झोळीनें बांधलेले आहेत. आणि देहाच्या भारापैकीं सुमारें तीन पंचमांश भार याच पायांवर पडतो. त्यांत पाठीवर स्वार बसला, म्हणजे मानेच्या बुडापासून कंबरेपर्यंतचे स्नायु सतत ताणलेले राहतात. त्याची कातडी इतकी हळवी, कीं माशी बसली तरी तेवढीच जागा थरारते. अशा अंगावर तासन् तास दाबणारें खोगीर काय करीत असेल, याची कल्पनाच करावी. मराठींत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी वस्तूंना लावतात. घोड्याला मात्र त्या भरतीचें मोल विचारावें! ती एका बाजूस गोळा झाली, कीं त्या जागीं पाठ सोलवटलीच.

घोडे एकमेकांच्या मानेच्या बुडाशीं दांतांनीं खाजवितांना पुष्कळांनीं पाहिले असतील. फ्रान्समधील कामार्ग घोड्यांवर केलेल्या व १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, त्याच जागीं हातानें खाजविलें असतां घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असें आढळलें. दुसऱ्या जागीं खाजवून तसा परिणाम दिसला नाहीं. म्हणून जाणता मनुष्य आरंभ तेथूनच करितो. डाव्या बाजूनें, घोड्याला दिसेल असें, शांतपणें जवळ जावें. तळवा सैल ठेवून केंसांच्या दिशेनें हात फिरवावा. मग मान, खांदा, पाठीच्या दोन्ही बाजू व पुठ्ठे या क्रमानें सावकाश दाब वाढवावा. कण्याच्या हाडावर दाब देऊं नये. गुडघ्याखालीं स्नायु नसून शिराच असतात, तेथें रगडण्यांत अर्थ नाहीं. मान खालीं आली, खालचा ओंठ सैल पडला, डोळे निवले, कीं हात योग्य जागीं आहे असें समजावें. कान मागें पडले, शेंपटी फटकारली किंवा पाठ एकाएकीं खालीं दबली, तर तेथें दुखतें आहे. हात तत्काळ हलका करावा.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. मालिशीनें जनावर शांत होतें, हें मान्य. पण तिनें लंगडेपणा बरा होतो, असें सिद्ध करणारा पुरावा फार तोकडा आहे. सूज, ताप, जखम, पोटशूळ किंवा एकाएकीं आलेला लंगडेपणा असेल तेथें पशुवैद्यालाच बोलवावें. शिवाय घट्ट तंग, वाईट नाल, अपुरें पाणी व विश्रांतीचा अभाव यांवर कोणत्याही मालिशीचा उतारा नाहीं. या हाताची खरी किंमत दुखणें लवकर उमगण्यांत आहे. रोज अंगावरून फिरणाऱ्या हाताला कालचा मऊ स्नायु आज कठीण लागला, तर तो त्याच क्षणीं जाणवतो. बोलतां न येणाऱ्या जिवाची तक्रार ऐकण्याचें हेंच साधन आहे.

मोतद्दाराचें काम आमच्या समाजांत हलकें मानीत आले. प्रत्यक्ष पांडवानें केलेल्या कामास हलकें म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला, हें आम्हांस कळत नाहीं. आमची सूचना साधी आहे. माथेरानास किंवा अन्यत्र घोडा घेण्यापूर्वीं घोडेवाल्या मामांना खोगीर क्षणभर उचलून दाखविण्याची गोडीनें विनंती करावी. पाठ सोलवटलेली दिसल्यास त्या घोड्यावर बसूं नये, मात्र मामांचा रोज बुडवूं नये. त्यांच्या घरची चूलही त्याच घोड्यावर पेटते. अंगानें भारी असलेल्या मंडळींनीं पायींच चालावें. उतरल्यावर मुलांना लगेच पळूं न देतां, मामांना विचारून, घोड्याच्या मानेवरून दोन वेळां हात फिरवावयास लावावें. पाठीवर बसण्याचे पैसे मोजले म्हणून उपकार फिटत नाहींत, हें मुलांना तेवढ्यानें कळेल.