मूल्यांचे माप आणि मावळचा शेतकरी

माणसे कशाला मोल देतात हे मोजण्याची मापे समाजशास्त्रज्ञांनी घडविली आहेत. चळवळीने ती पारखून घेतली पाहिजेत, कारण मापाआड मापणाऱ्याची दृष्टी दडलेली असते.

रोनाल्ड इंगलहार्ट यांनी १९७७ साली असे प्रतिपादन केले की, अन्नवस्त्राची ददात मिटलेली पिढीच सहभाग व अभिव्यक्ती या मूल्यांकडे वळते. त्यांच्या मापात चार पर्याय आहेत : सुव्यवस्था, भाववाढीला आळा, सरकारी निर्णयांत जनतेला अधिक वाव आणि भाषणस्वातंत्र्य. यांतून दोन निवडायचे. पहिला व दुसरा निवडणारा भौतिकवादी, तिसरा व चौथा निवडणारा उत्तर-भौतिकवादी. बाकीचे सारे 'मिश्र'!

हे माप पवनाकाठी लावून पाहावे. ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरलेल्या मावळच्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. एक स्त्री व दोन पुरुष बळी पडले. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्यास त्यांचा विरोध होता. पाणी नदीतून रावेतपर्यंत वाहते तोवर काठच्या शेतीला ते उचलता येते. नळात कोंडल्यावर नदीत काय उरणार, ही त्यांची धास्ती. ही मागणी पोटाची म्हणावी की सहभागाची? पिकासाठी पाणी हवे होते, आणि त्या पाण्याचा निर्णय आपल्याला डावलून होऊ नये, हाही आग्रह तितकाच होता. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध 'जान किंवा जमीन' म्हणत जे सत्याग्रहाला बसले, ते काय भरल्या पोटी बसले होते?

मिल्टन रोकीच यांची १९७३ ची मांडणी आम्हांला अधिक जवळची वाटते. अठरा साध्यमूल्ये व अठरा साधनमूल्ये क्रमाने लावण्यास ते सांगतात. राजकीय विचारसरणी मात्र स्वातंत्र्य आणि समता या दोहोंच्या स्थानांवरून ओळखतात. समाजवाद्यांच्या लेखनात त्यांना दोन्ही वरच्या स्थानी आढळली, लेनिनच्या लेखनात समता वर नि स्वातंत्र्य खाली, हिटलरच्या लेखनात दोन्ही तळाशी. तरीही क्रमवारीत एक मूल्य वर चढले की दुसरे खाली उतरतेच. शालोम श्वार्ट्‌झ यांनी १९९२ साली दहा मूल्यप्रकार वर्तुळात मांडून प्रत्येकाला स्वतंत्र गुण देण्याची सोय केली, ही सुधारणा खरीच. पण त्या वर्तुळातही सुरक्षितता आणि स्वयंनिर्णय परस्परविरोधी बाजूंनाच बसविले आहेत. मावळात ती एकाच शेताच्या बांधावर नांदतात.

आमचे कार्यकर्ते गावोगाव पाहणीला जातील तेव्हा 'भाकरी हवी की अधिकार' असा प्रश्न त्यांनी कागदावर आणूच नये. धरण, जलवाहिनी वा रस्ता ठरताना तुमच्या गावाला कोणी व केव्हा विचारले, आणि तुम्ही दिलेल्या उत्तराचे पुढे काय झाले, एवढे नोंदवून आणावे.