पौष पाळता, मग पूर का नाही?

तर मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण घरगुती आहे, आणि घरातले वाचतात हे माहीत असूनच लिहितोय. दादा, ताई, वाचून झालं की खुशाल फोन करा. पण आधी पूर्ण वाचा.

कोल्हापूरचं घर विकायचं ठरलंय. आईला जिना चढवत नाही, ती पुण्यात दादाकडे असते. बाबा गेल्यापासून घराला कुलूप. विकण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती कसं विकतोय याबद्दल.

एजंट म्हणाला, "साहेब, घर दाखवायचं तर दिवाळी ते शिमगा. भिंती कोरड्या, ऊन छान, हवेत गुळाचा वास. गिऱ्हाईक घर बघत न्हाई, हवा बघतंय." खरंय त्याचं. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेचा घाट पणत्यांनी उजळतो, तेव्हा नदीजवळ घर असावं असं कुणाला वाटणार नाही? फक्त पौषात व्यवहार नको, इसार माघात घ्यायचा, हे आमच्याकडे एकमतानं ठरलं.

म्हणजे बघा, पंचांग बघितलं. पंचगंगा नाही बघितली!

आमचं घर शाहूपुरीच्या खालच्या अंगाला. नदी तशी लांब. पण नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जात नाही, उलटं मागं सरकतं आणि गल्लीत शिरतं. २००५ ला शिरलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरलं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्याही वर. दर वेळी बाबांनी जिन्याखालच्या भिंतीवर सुतारी पेन्सिलीनं रेघ मारून पुढं साल लिहिलंय. शेजारीच आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा आहेत. २०२१ ची रेघ माझ्या सातवीतल्या उंचीच्या वर आहे.

दिवाळीनंतर रंगारी आला आणि त्या भिंतीला पहिला हात मारणार एवढ्यात मी त्याला थांबवलं. दादा म्हणाला, "आठवण म्हणून फोटो काढून ठेव की." मला आठवणीचं काही पडलेलं नव्हतं रे.

मार्गशीर्षात एक जोडपं घर बघायला आलं. दोघंही आजऱ्याकडचे, नोकरी इथं, कर्ज काढून घेणार. बाईंनी विचारलं, "नदी किती लांब आहे हो इथनं?" दादानं सांगितलं, "चांगली लांब आहे." शब्दाला शब्द खरं! आणि मी? मी खिडकीतून बाहेर बघत उभा राहिलो. खोटं दादा बोलला नाही, मीही बोललो नाही, तरी दोघांनी मिळून त्या बाईंना फसवलं. रात्री झोप आली नाही.

आता नेहमीची उत्तरं. "त्यांनी चौकशी करायला नको का?" करावी की. नदीच्या नकाशात निळी रेषा असते, साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. पण आम्ही मुद्दाम रंग काढून खूण पुसायची आणि वर म्हणायचं, तुम्ही बघायला हवं होतं? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलम सांगतं, घेणाऱ्याला साध्या काळजीनं दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्यानं सांगितला पाहिजे. दीडशे वर्षं होत आली या कायद्याला. शिवाय कायदा कशाला हवा? बाबांची पेन्सिल पुरे.

"सगळेच तसं विकतात." म्हणूनच तर! २०२०-२१ च्या हिवाळ्यात मुद्रांक शुल्कात सवलत होती, ३१ मार्चपर्यंत. घाई करा, पैसे वाचवा, असं जो तो सांगत होता. त्या थंडीत कुणी अशा गल्लीत तळमजला घेतला असेल, तर जुलैत त्याचं काय झालं असेल? वाचलेले पैसे नवीन फ्रीजला तरी पुरले असतील का?

"भाव पडेल." पडेल. पडू दे. तो खरा भाव असेल. आत्ता आपण जो मागतोय त्यात पुढच्या पुराचे पैसे दुसऱ्याच्या खिशातून काढतोय. कमी पडतील ते आधी माझ्या वाट्यातून वजा करा, लेखी देतो.

आणि घर घेणाऱ्या मंडळींनो, तुम्हालाही एक सांगतो. थंडीत घर बघा, पण ठरवायच्या आधी गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, "२०१९ ला माल किती वर उचलला होता?" प्लगचे पॉइंट खांद्याच्या वर का आहेत ते विचारा. भिंतीला छातीपर्यंतच नवी फरशी का, तेही विचारा. जमलं तर एकदा श्रावणात येऊन जा. मुहूर्त पौषाचा टाळा की नका टाळू, पावसाळा मात्र टाळू नका.

परवा मी त्या जोडप्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "त्या रेघेचा फोटो पाठवाल का?" पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही. कदाचित येणारही नाही.

रंग सगळ्या घराला लागलाय, जिन्याखालची भिंत सोडून.

असो. दादा, आता कर फोन.